कान तुमचे, डोळे माझे

गावात त्या दोघांना ‘इंजिन-डबा’ म्हणत. दोन सीटांची लांब सायकल. पुढे बायको, मागे नवरा. पुढचं हँडल वळायचं, मागचं नुसतं धरण्यापुरतं. नवऱ्याला लहानपणापासून दिसत नव्हतं. पियानो सुरात लावणं हा त्याचा धंदा. आसपासच्या शाळा, सभागृहं, एकदोन हॉटेलं आणि काही हौशी घरं एवढ्यावर संसार चालला होता. बायकोने टपाल वाटण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, तीही सायकलवरून. निवृत्त झाल्यावर चालायचा तिला कंटाळा आणि बसचा राग. म्हणून ही सायकल.

“मला डबा म्हणतात लोक,” नवरा कुरकुरायचा. “जोर कोण मारतं ते बघा. इंजिन मागेच आहे. पुढे नुसती ड्रायव्हर.”

“इंजिनाने बोलायचं नसतं, ओढायचं असतं,” बायको म्हणायची.

दोघांत कामाची वाटणी होती. वाऱ्याने तिचे कान ठणकायचे, म्हणून ती कानांवर ओढलेली लोकरी टोपी आणि त्यावर रेनकोटचं टोपरं असल्याशिवाय सायकलवर बसत नसे. तिला काही ऐकू येण्याची गरजच नव्हती. “कान तुमचे, डोळे माझे,” असं ठरलं होतं. मागून ट्रक आला की तो सांगायचा, “ट्रक. मोठा. कडेला घे.” गल्लीतून कुत्रं धावत आलं की तिच्या आधी त्याला कळायचं. कधी तिला स्वतःला काही घरघर ऐकू आल्यासारखी वाटली, तरी तो गप्प असला तर ती भास समजून सोडून द्यायची. कानांबाबत नवऱ्याचा शब्द शेवटचा.

विजेच्या दिवसांत याच वाटणीवर दोघांचा जीव होता. वीज दिसली की ती ओरडायची, “चमकली!” आणि तो सेकंद मोजायला लागायचा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वाद न घालता उतरायचं आणि पक्क्या छपराखाली जायचं. त्यापुढे गेला, तर जवळचा निवारा गाठण्यापुरतं चालवायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. प्रत्येक नव्या गडगडाटाला अर्धा तास पहिल्यापासून सुरू.

हे नियम लेकीचे. ती शाळेची बस चालवायची आणि तिला कंपनीने असल्या गोष्टींचं शिक्षण दिलं होतं. त्याआधी नवऱ्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं.

“सायकलीचे टायर रबराचे असतात,” तो जावयाला समजावून सांगत होता, तेवढ्यात लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“बाबा, वीज ढगातून जमिनीपर्यंतची सगळी हवा फाडत येते. तुमच्या बोटभर रबराजवळ येऊन ‘आत येऊ का’ विचारणारे का?”

“मग गाडीत कसे वाचतात लोक?”

“लोखंडी टप असतो म्हणून. वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. तुमच्या सायकलीला टप आहे? तुम्ही दोघं मोकळ्या रस्त्यावर सगळ्यांत उंच असता. सायकल आडवी टाकायची आणि लांब व्हायचं. झाडाखाली उभं राहायचं नाही. दोघांनी चिकटून चालायचं नाही, अंतर ठेवायचं. एकाला लागली तर दुसरा मदतीला उरला पाहिजे.”

“आणि तुझ्या बाबांना काय, गोफणीतून फेकू?” आई म्हणाली.

“ते तुमचं तुम्ही बघा,” लेक म्हणाली. पण तिचा चेहरा हसरा नव्हता. तेव्हापासून आभाळ भरून आलं की तिचा फोन यायचा.

*

फ्रीजपासून सुरुवात झाली होती. एका सकाळी नवरा स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, “अगं, फ्रीज बंद पडलाय.”

बायकोने दार उघडून बघितलं. “चालू आहे की. लोणी दगड झालंय.”

“हो का? मोटर गप्प वाटली.”

“जुना झालाय. दमून गप्प बसत असेल.”

तो हसला. पण ती आंघोळीला गेल्यावर त्याने फ्रीजच्या पाठीवर हात ठेवला. मोटर थरथरत होती. त्याने तिथे कान लावला. काहीच नाही.

त्यानंतर तो गुपचूप हिशेब घेऊ लागला. माणसांचे आवाज नीट यायचे. पाखरं, भांडी, सायकलची घंटा, साखळीची किरकिर, सगळं जागच्या जागी. ट्रकही कळायचे, टायरांचा रस्त्यावरचा चर्र आवाज यायचा म्हणून. इंजिनाचा घुमारा मात्र हरवला होता. जे जाड, खोल, जमिनीलगतचं होतं तेच तेवढं पुसून गेलं होतं. पियानोवर उजवीकडच्या पट्ट्या पूर्वीइतक्याच लख्ख. डावीकडे सरकत गेलं की सूर पातळ होत जायचा, आणि शेवटी त्याची नुसती वरची झाक उरायची, बूड नसलेल्या भांड्यासारखी.

त्याने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला दिसत नाही आणि नीट ऐकूही येत नाही, त्याला पियानो कोण लावायला देणार? आणि लेकीच्या कानावर गेलं तर सायकल त्याच दिवशी विकली जाणार. तो खालचे सूर त्या झाकेवरून, अंदाजाने लावू लागला. अंदाज बरेचदा बरोबर निघत होता. त्यामुळेच सांगणं लांबत गेलं.

*

त्या दिवशीचं काम तलावापलीकडच्या संगीतशाळेत होतं. तलावाचा बांध ओलांडला की शाळा. सकाळी ऊन होतं. त्याने दुपारपर्यंत काम उरकलं. बायको अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होती, तेवढ्यात आत शिकवणाऱ्या बाईंनी पियानोवर दोन्ही हात फिरवून बघितले.

बाई तरुण होत्या, भिडस्त होत्या. डावीकडची एक पट्टी त्यांनी पुन्हा दाबली. मग पुन्हा.

“काका, हा सूर जरा हलतोय का? लाट आल्यासारखा?”

खालच्या बहुतेक सुरांना दोन-दोन तारा असतात. दोन्ही अगदी सारख्या ताणल्या नसतील तर सूर स्थिर राहत नाही, डोलतो. हे डोलणं थांबवणं म्हणजेच पियानो लावणं. त्याने पट्टी दाबली. त्याला वरची झाक ऐकू आली, ती स्थिर होती.

“नव्याने ताणलेली तार आहे,” तो म्हणाला. “आठवड्याभरात बसेल.”

“बरं,” बाई म्हणाल्या. काका इतकी वर्षं येत होते. त्यांनी पुढे विचारलं नाही. मग त्याच म्हणाल्या, “आभाळ भरलंय पण. थांबता का? शाळा सुटली तरी मी आहे.”

थांबलो तर बाई पुन्हा पियानोपाशी बसणार, हे त्याला कळत होतं. “नको, नको,” तो म्हणाला. “तासाभराचाही रस्ता नाही. निघतो आम्ही.”

बाहेर आल्यावर बायकोने आभाळाकडे बघितलं. डोंगरामागे काळं झालं होतं, पण तलावावर अजून उजेड होता.

“काय करायचं?” तिने टोपी कानांवर ओढत विचारलं.

“तू सांग. डोळे तुझे.”

“डोंगरामागे आहे. वारा तिकडचाच. मध्ये पंपघर आहे, अगदीच वाटलं तर तिथे थांबू.”

बांधावर चढायच्या तोंडाशीच ती ओरडली, “चमकली!”

तो मोजू लागला. वाऱ्याचा आवाज होता, साखळीचा होता, तिच्या रेनकोटची फडफड होती. चाळीसपर्यंत आला. पुढेही काही नाही.

“आला नाही,” तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. त्याला ऐकू आला नव्हता.

“म्हणजे लांब आहे,” ती म्हणाली आणि सायकल बांधावर घातली.

बांधावरचा रस्ता उंच आणि सरळ. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार आणि सपाट रानं. मध्यावर पंपघर, त्याच्या अलीकडे एकच वाळलेलं झाड. बाकी त्या रेषेवर हे दोघेच उंच.

“चमकली!”

तो मोजू लागला. या खेपेला वीस-बावीसच्या सुमारास त्याला सीटच्या दांड्यातून काहीतरी जाणवलं. आवाज नव्हता, थरथर होती. रस्त्याची असेल, खडबडीत पट्टा असेल. की फ्रीजसारखी? तो मोजायचा थांबला.

“किती?” ती पुढून ओरडली.

त्याला सांगता आलं असतं की कळत नाही. दोन शब्दांचं काम होतं. पण त्या दोन शब्दांमागे फ्रीज उभा होता, बाईंची हलणारी पट्टी होती, लेक होती. चोराच्या मनात चांदणं.

“किती हो?”

“पस्तीस.”

“मग पंपघर गाठू,” ती म्हणाली. “जोर लावा, डबेवाले.”

त्याने जोर लावला. आपण आत्ता काय केलं ते त्याला पायडल मारता मारता समजत गेलं. तिच्या पाठीपासून तो हातभर अंतरावर होता. ती त्याच्या आकड्यावर सायकल हाकत होती. त्याने तोंड उघडलं, “अगं, ऐक, मला—”

पुढचं वाक्य झालंच नाही. पांढरा उजेड तिला दिसला आणि त्याच क्षणी कापड टरकावं तसा आवाज त्याला ऐकू आला. हा पातळ, धारदार आवाज त्याच्या कानांतून निसटणारा नव्हता. वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावरून वीज खाली उतरली होती.

“उतर!” तो ओरडला. “टाक सायकल!”

तिने सायकल रस्त्यावर आडवी टाकली. तिने सवयीने आपलं कोपर त्याच्या हाताशी नेलं. त्याने ते धरलं नाही.

“पंपघर किती लांब?”

“दिसतंय. झाडाच्या पुढे. चला, धरा ना हात!”

“नाही. तू पुढे हो. अंतर ठेव.”

“वेड लागलंय का? इथे दोन्ही बाजूंना उतार आहे!”

“लेक काय म्हणाली? एक उरला पाहिजे. तू बोलत पुढे चाल. तुझ्या आवाजावर येतो मी. काहीही बोल, पण थांबू नको.”

ती क्षणभर जागीच उभी राहिली. मग वळली आणि भराभर चालू लागली, आणि बोलू लागली. सुचेल ते, घसा ताणून.

“या! सरळ या! डावीकडे नको, डावीकडे पाणी आहे! लग्नात आई म्हणाली होती, मुलगा गुणी आहे पण हट्टी आहे. गुणी कुठे दिसला नाही अजून! उजवीकडे थोडं. हां. सरळ. टपालात होते तेव्हा कुत्री चावली, पण एवढा त्रास नाही झाला! येताय ना? झाडाजवळून जातोय, लवकर या, पाय उचला! घरी गेल्यावर कुबट झालेला रेनकोट तुम्ही धुवायचा, सांगून ठेवते! अहो, येताय ना?”

“येतोय! बोलत राहा!”

तिचा आवाज त्याला स्वच्छ येत होता. त्यातला कापरेपणाही येत होता. पाऊस सुरू झाला तरी तो आवाज एका दोरीसारखा पुढे ताणलेला राहिला आणि तो त्यावरून चालत गेला. पंपघराचं दार उघडल्याचा आवाज आला, आणखी एक पुरुषी आवाज “या, या वहिनी, आत या” म्हणाला, आणि तिच्या हाताने त्याला बाहीला धरून आत ओढलं. तिचा जीव भांड्यात पडला. तिने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि तोच खांदा दाबून धरला.

*

पंपघरातला माणूस त्यांच्याच वयाचा होता. त्याने दोन लाकडी खोकी खोलीच्या मधोमध सरकवली.

“इथेच बसा. भिंतीला टेकू नका, पाइपाला हात लावू नका, खिडकीत जाऊ नका. मी पण आज बटणांना हात लावत नाही. पाणी थोडं कमी येईल लोकांना. बोंबलू दे.” त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांच्यापुढे धरला. “आज सायकलवर? अहो, म्हशीसुद्धा घरी गेल्या.”

“म्हशींना कामं नसतात,” बायको म्हणाली. तिने टोपरं मागे टाकलं आणि भिजलेली लोकरी टोपी काढून पिळली. कान लाल झाले होते. कितीतरी दिवसांनी ती घराबाहेर उघड्या कानांनी बसली होती.

पाऊस कोसळला आणि मग ओसरत गेला. ती मोबाइलवर लेकीला निरोप टाकत बसली. नवरा चहाचं झाकण हातात धरून बसला होता. पंपवाला तलावाच्या गप्पा सांगत होता. मध्येच डोंगराकडे खोल, लांबलेला गडगडाट झाला. पंपवाला म्हणाला, “घ्या, पुन्हा पहिल्यापासून.” तिने मान हलवली. नवऱ्याला वाटलं, चहाविषयी बोलतोय. थोड्या वेळाने आणखी एक. मग आणखी एक, बराच हळू.

नवऱ्याच्या मनगटावर बोलणारं घड्याळ होतं. त्याने ते दाबून वेळ ऐकली.

“झाला अर्धा तास,” तो उठत म्हणाला. “पाऊसही थांबलाय. निघू या.”

पंपवाल्याने बायकोकडे बघितलं. बायको नवऱ्याकडे बघत होती.

“शेवटचा कधी ऐकलात तुम्ही?” तिने विचारलं.

“झाडावर पडली तो. त्यानंतर कुठे काय?”

पंपवाला जुना माणूस होता. त्याने टॉर्च उचलली आणि “गळतंय का कुठे ते बघतो” म्हणून आतल्या खोलीत गेला.

“खाली बसा,” ती म्हणाली.

तो बसला.

“त्यानंतर तीनदा झालं. शेवटचं आत्ता, तुम्ही घड्याळ दाबायच्या थोडं आधी.”

खोलीत पाण्याचे थेंब टपकत होते. ते त्याला ऐकू येत होते.

“फ्रीज बंद पडलाय म्हणालात, तेव्हापासून?”

“त्याच्याही आधीपासून असेल. कळलं तेव्हा.”

“किती गेलंय?”

“खालचं गेलंय. जाड आवाज. तुझा येतो. सगळ्यांचे येतात. ढग नाही येत.”

“पहिल्या वेळेला ‘आला नाही’ म्हणालात.”

“मला आला नव्हता.”

“आणि पस्तीस कुठून आणलेत?”

त्याने झाकणातला गार चहा संपवला. “मनातून,” तो म्हणाला.

ती उठली. दारापर्यंत गेली, तिथे जायचं नाही हे आठवून परत फिरली, आणि दोन खोक्यांच्या मधल्या तेवढ्या जागेत येरझाऱ्या घालू लागली. तो तिची पावलं ऐकत होता. ती रडत नव्हती; नाकाने श्वास टाकत होती, टपालात वरिष्ठांशी भांडून आल्यावर टाकायची तसा.

“कान गेले असते तर मी काय तुम्हाला टाकून दिलं असतं? आंधळे होतात तरी केलं ना लग्न? डोळ्यांचं काही वाटलं नाही मला, कानांचं काय वाटणार होतं? पण आकडा! मनातून आकडा! मी त्यावर सायकल पुढे रेटली, बांधावर.”

“कळतंय मला.”

“काय कळतंय? पुढे मी होते!”

“तेच कळत होतं,” तो म्हणाला. “सांगायला तोंड उघडलं होतं. उशीर झाला.”

ती थांबली. ओली टोपी अजून तिच्या मुठीत होती. तिने ती एकदा उलटी केली, एकदा सुलटी.

“पहिल्या वेळेला मला वाटलं होतं काहीतरी,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता. “टोपीतूनसुद्धा. गुरगुरल्यासारखं. म्हटलं, हे काही बोलले नाहीत म्हणजे भास असेल. मला धडधाकट दोन कान आहेत, आणि मी ते लोकरीत गुंडाळून तुमच्या नावावर करून दिले. लेकीला हे सांगायची माझी तरी छाती आहे का?”

त्याने हात पुढे केला. हाताला तिची ओली बाही लागली. ती त्याच्या शेजारच्या खोक्यावर बसली.

“पियानो गेले आता,” तो म्हणाला. “आजच्या बाईंना कळलं. बोलल्या नाहीत, पण कळलं. डावीकडचा भाग मी वाईट लावून आलोय.”

“आणि उजवीकडचा?”

“तो चोख आहे.”

“मग अर्धे गेले म्हणा. सगळे गेले काय म्हणता?”

“अर्धा पियानो कुणी लावून घेत नाही.”

ती त्याच्या खांद्याला टेकून बसली. डोंगरामागे पुन्हा झालं, अगदी मंद.

“आत्ता झालं,” ती म्हणाली.

“बरं.”

“तुम्हाला?”

“काही नाही.” पुढे तो म्हणाला, “लेकीला फोन लाव. बस घेऊन ये म्हणावं. आणि दे माझ्याकडे. कानाचं मी सांगतो तिला, आणि आकड्याचंही.”

“सायकल विकायला लावेल.”

“लावू दे. आधी कळू तर दे.”

लेक शाळेची फेरी संपवून बस घेऊन आली. रस्त्यात पडलेली सायकल तिने आणि पंपवाल्याने उचलून बसच्या मधल्या वाटेत आडवी घातली. फोनवर वडिलांनी तिला सगळं सांगितलं होतं. घराच्या दारात वडिलांना उतरवून घेताना तिने त्यांना इतकं घट्ट धरलं की त्यांचा रेनकोट टरकला.

“उद्या कानाच्या डॉक्टरकडे,” ती म्हणाली. “आणि त्या सायकलचं नंतर बोलू. मला आत्ता बोलायला लावू नका.”

*

डॉक्टरांनी आतल्या हाडाचं काहीतरी सांगितलं. शस्त्रक्रियेने सुधारेल, न सुधारेल, पुढच्या महिन्यात ठरवू. तिथून बाहेर आल्यावर त्याने संगीतशाळेत फोन लावून घेतला.

“बाई, काल ती पट्टी हलत होती. तुमचं बरोबर होतं. नव्या तारेचं मी जे बोललो ते खरं नव्हतं. मला खालचं ऐकू येत नाही. पुन्हा लावायला येऊ का? तुम्हाला दुसरा कोणी बोलवायचा असेल तर तसं सांगा, मी नाव देतो.”

बाई म्हणाल्या, “ऐकू येत नाही तर लावणार कसे, काका?”

“ऐकणारं माणूस सोबत आणतो.”

ऐकणारं माणूस जावयाच्या गाडीतून उतरलं तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. बायकोला स्वर-बिर काही कळत नव्हतं. आयुष्यात तिने गाणं म्हटलं ते भांडी घासताना, आणि तेही सगळी भांडी एका सुरात घासली जावीत असं. नवऱ्याने तिला पियानोच्या डाव्या टोकाशी बसवलं, वरची फळी काढली, खुंटीला पाना लावला आणि पट्टी दाबली.

“काय ऐकू येतं?”

“ढॅण.”

“ढॅण नव्हे. ढॅण झाल्यावर. शेपटीत बघ. हलतंय का?”

“सगळंच हलतंय. तुमचा पाय हलतोय.”

त्याने पाय आवरला. पुन्हा पट्टी दाबली. पुन्हा. बाहेर दोन मुली शिकवणीसाठी येऊन बसल्या होत्या आणि बाई त्यांना दारातूनच गप्प राहायची खूण करत होत्या. अर्धी दुपार त्या एका पट्टीवर गेली. बायको वैतागली, पाणी पिऊन आली, पुन्हा बसली. मग एकदा, सूर विरत चालला असताना, तिचा हात त्याच्या गुडघ्यावर आला.

“अहो. झोपाळ्यासारखं. जातंय, येतंय.”

“तेच!” त्याने पाना अगदी थोडा ओढला. “आता?”

“हळू झालं. लांब झोके घेतंय.”

“आता?”

ती डोळे मिटून ऐकत राहिली. सूर खोलीत पसरला, पातळ झाला, लाकडात शिरला. त्याला त्यातली फक्त वरची झाक ऐकू येत होती. खालचं काय चाललंय त्यासाठी तो तिच्या तोंडाकडे कान लावून बसला होता.

“थांबलं का?” त्याने विचारलं.

“मला...” ती अडखळली. तो अगदी स्थिर बसला होता. थांबलं म्हणणं सोपं होतं. मुली खोळंबल्या होत्या, बाई घड्याळाकडे बघत होत्या. “नाही सांगता येत. थांबल्यासारखं वाटतं, पण खात्री नाही.”

नवऱ्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“मग पुन्हा वाजवतो,” तो म्हणाला, आणि पट्टी दाबली.